इटलीत स्वयंपाक शिकायला जाताय तर शेतावर जाऊन राहा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत लाल किल्ल्यात युनेस्कोची बैठक झाली आणि इटालियन स्वयंपाकाला अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली, ती बातमी वाचली तेव्हापासून तुम्हाला लिहीन लिहीन म्हणतेय. आज लिहायला बसले कारण आता जिकडे बघावं तिकडे इटलीच्या टूरच्या जाहिरातीत एक नवीन ओळ दिसायला लागलीये, "कुकिंग क्लाससह". आठ दिवसात पाच शहरं आणि त्यात मध्येच एका दुपारी दोन तास पास्ता. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण युनेस्कोने जो मान दिलाय तो कुठल्या एका पदार्थाला दिलेला नाही. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला तो वेगळा २०१७ मध्येच मिळाला होता, ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुगंधी अळंबी, ती शोधण्याच्या कलेला २०२१ मध्ये. ह्या वेळचा मान आहे तो घरात एकत्र बसून रांधण्याला, हाताने एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या गोष्टीला. आणि ती गोष्ट दोन तासात बघायला मिळत नाही हो, मी दोन्ही करून बघितलंय म्हणून सांगते.

पहिल्या खेपेला मी फ्लोरेन्समध्ये असा एक क्लास घेतला होता. नाव घेत नाही कारण तसे क्लास ढिगाने आहेत आणि सगळीकडे साधारण हेच चालतं. आम्ही चोवीस जण होतो, लांबलचक स्टीलचं टेबल, प्रत्येकासमोर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कणकेचा गोळा आधीच तयार. तो उघडायचा, मशीनमधून चार वेळा काढायचा, फोटो, टाळ्या, वाइनचा ग्लास, आणि पंधरा मिनिटांनी ताटात जो पास्ता आला तो आम्ही केलेला नव्हताच, आतून आलेला होता. शिकवणारी मुलगी बिचारी चांगली होती, दिवसातून तीन बॅच घेत होती. पण पीठ मळताना हाताला काय लागतं, पाणी किती झालं हे कसं कळतं, कणीक "झाली" हे कशावरून ओळखायचं, ह्यातलं काहीच मला कळलं नाही. आणि कळायला हवं होतं ते एवढंच होतं.

दुसऱ्या खेपेला मी आणि माझी धाकटी बहीण, आम्ही दोघीच, ऑक्टोबरच्या शेवटी आठ दिवस एकाच घरात राहिलो. तोस्कानामध्ये, म्हणजे आपण टस्कनी म्हणतो तिकडे, सिएनाच्या दक्षिणेला वाल दोर्चा म्हणून भाग आहे, पिएन्झा आणि मोंतेपुल्चानोच्या आसपास, २००४ पासून तो सगळा डोंगरउताराचा परिसरच जागतिक वारसा यादीत आहे. किउसी स्टेशनपर्यंत ट्रेन आणि पुढे भाड्याची गाडी. गाडी लागतेच तिकडे, बस आहेत पण थोड्या आणि रविवारी तर विचारूच नका.

आम्ही राहिलो ते आग्रितुरिज्मो होतं, म्हणजे पाहुणे ठेवणारं शेतघर. हा शब्द आता कुठल्याही रिसॉर्टला लावतात असं लोकांना वाटतं पण इटलीत तसं चालत नाही, ती कायद्यातली गोष्ट आहे. पहिला कायदा १९८५ चा, आणि आत्ता लागू आहे तो २००६ चा ९६ क्रमांकाचा. त्यात स्पष्ट आहे की माणूस आधी शेतकरी असला पाहिजे, शेती हा त्याचा मुख्य धंदा राहिला पाहिजे आणि पाहुणे ठेवणं हे त्याला जोडून. पाहुणे दहापर्यंत असतील तर शेतीच मुख्य आहे असं धरून चालतात, त्यापेक्षा जास्त असतील तर शेतावर किती दिवस काम होतं आणि पाहुण्यांसाठी किती, ह्याचा हिशोब लागतो. पानात जे वाढायचं त्यातलं किती स्वतःच्या शेतातलं आणि किती आजूबाजूचं हे प्रत्येक प्रांत आपापलं ठरवतो. म्हणजे आपण तिथे जेवतो तेव्हा समोरच्या वाटीतलं तेल हे बहुधा खिडकीतून दिसणाऱ्या झाडांचं असतं.

आणि हे सगळं का झालं तेही समजून घेण्यासारखं आहे. मेद्झाद्रिया म्हणून तिकडे वाटेकरी शेतीची पद्धत होती, शतकानुशतकं, कुळ राबायचं आणि निम्मं पीक मालकाला. युद्धानंतर लोक ह्याला कंटाळून शहरात कारखान्यात निघून गेले, १९६४ मध्ये कायद्याने असे नवे करार बंदच केले, आणि टेकड्यांवरची ती मोठाली दगडी घरं रिकामी पडली. पिएन्झाच्या बाजूला तर सार्दिनिया बेटावरून मेंढपाळ कुटुंबं आली आणि त्यांनी पडीक जमिनीवर मेंढ्या चारल्या, आज पिएन्झाचं जे पेकोरिनो चीज नावाजलं जातं त्यामागे ह्या लोकांचे कष्ट आहेत. जे शेतकरी मागे राहिले त्यांना नुसत्या गव्हावर आणि ऑलिव्हवर घर चालवणं जमेना, मग घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि आपल्याच चुलीवरचं वाढायचं, त्याला सरकारने आधार दिला. म्हणून मला वाटतं तिथे जाऊन राहणं आणि शहरातल्या क्लासचे पैसे भरणं ह्यात फार फरक आहे, एका ठिकाणी आपल्या पैशाने कुणाची तरी झाडं उभी राहतात.

आता स्वयंपाकाचं सांगते. ज्यांच्या घरी राहिलो त्या बाई सत्तरीच्या, इंग्रजीचे दहा शब्द, आमची इटालियन त्याहून कमी, त्यांची सून मधूनमधून भाषांतर करायची पण बहुतेक वेळा गरज पडली नाही. पहिल्या दिवशी त्यांनी पिची शिकवली. पिची म्हणजे हाताने वळलेला जाडसर पास्ता, ह्याच भागातला, गव्हाचं पीठ, पाणी, चिमूटभर मीठ आणि ऑलिव्ह ऑइलची छोटी धार, बास. अंडं नाही, गरिबाघरचा पदार्थ होता म्हणून. स्पियानातोया म्हणजे टेबलभर मोठी लाकडी फळी, त्यावर पिठाचा ढीग, मध्ये खड्डा, त्यात पाणी. मळून झाल्यावर त्यांनी माझा अंगठा धरून कणकेत दाबला आणि सोडला, खड्डा हळूहळू भरून वर आला की झालं, तसाच राहिला तर अजून मळ. एवढं एक दाखवायला कुणाला अर्धं मिनिट लागलं असतं, पण आधीच्या क्लासमध्ये ते कुणी दाखवलं नव्हतं.

मग गोळा अर्धा तास झाकून ठेवायचा, जाड पोळी लाटायची, सुरीने पट्ट्या कापायच्या आणि एकेक पट्टी फळीवर तळहाताने वळायची, मधून बाहेर, मधून बाहेर, दोन्ही हात एकमेकांपासून लांब जातात आणि खालून दोरा वाढत जातो. ह्या वळण्याला त्यांच्याकडे वेगळं क्रियापदच आहे, आप्पिचारे. माझा दोरा सारखा मध्येच तुटायचा. त्या म्हणायच्या प्यानो, प्यानो, म्हणजे हळू, आणि माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायच्या, जोर मनगटातून येत होता तो काढायला. तिसऱ्या दिवशी माझा हातभर लांब दोरा न तुटता आला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं पुढचं पीठ माझ्याकडे सरकवलं. त्या दिवशी रात्री आठ जणांना पुरतील एवढ्या पिची मी आणि बहिणीने मिळून केल्या, तीन तास लागले, आणि गप्पा चालू होत्या सगळ्या बायकांच्या, कळत नव्हत्या तरी बरं वाटत होतं.

त्याच्यावरचा सॉस आल्योनेचा. आल्योने हा वाल्दिकियाना खोऱ्यातला महाकाय लसूण, एकेक पाकळी लिंबाएवढी, आणि नेहमीच्या लसणासारखा उग्र वास नाही. पाकळ्या ठेचून तेलात अगदी मंद आचेवर, रंग येऊ द्यायचा नाही, चमच्याने दाबली की विरघळली पाहिजे, मग टोमॅटो. मी घाईने गॅस वाढवला तर त्यांनी येऊन न बोलता परत कमी केला. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी हातच लावला नाही.

मी वही घेऊन प्रमाण लिहायला बसले की त्या म्हणायच्या क्वांतो बास्ता. इटालियन रेसिपीच्या पुस्तकांत सुद्धा हे छापलेलं असतं, "क्यू. बी." एवढंच, म्हणजे पुरेल तितकं. मीठ पुरेल तितकं, तेल पुरेल तितकं. पहिल्यांदा वाटलं हे काय उत्तर झालं, पण आठ दिवसांनी कळलं की हेच उत्तर आहे, फक्त ते कळायला शेजारी उभं राहावं लागतं. अपवाद पास्त्याच्या पाण्याचा, तिथे मात्र हिशोब पक्का, १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, आणि ते पाणी उकळल्यावरच मीठ टाकायचं ह्यावर सासूसुनेचं एकमत.

आम्ही गेलो तो ऑलिव्ह तोडणीचा हंगाम होता आणि माझं म्हणणं आहे की जमलं तर ह्याच दिवसात जावं, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. झाडाखाली जाळी अंथरतात आणि हातातल्या छोट्या दाताळ्याने फांद्या विंचरतात, केस विंचरल्यासारखं, टपटप खाली पडतात. आम्ही दोघींनी दोन दिवस ते केलं, कुणी सांगितलं नव्हतं, बघवेना म्हणून गेलो. पाठ मोडते. संध्याकाळी क्रेट भरून लगेच फ्रांतोयोत म्हणजे घाण्यावर न्यायचं, कारण तोडलेलं ऑलिव्ह ठेवलं की तापतं आणि तेल बिघडतं, एक दिवसाच्या वर कुणी ठेवत नाही. आत इतका आवाज की बोलता येत नाही, आणि वास ताज्या कापलेल्या गवताचा. लगदा २७ अंशाच्या वर तापू द्यायचा नाही तरच बाटलीवर कोल्ड एक्स्ट्रॅक्शन लिहिता येतं, आणि एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणायला आम्लता ०.८ टक्क्याच्या आत लागते. नळीतून जे बाहेर येतं ते पिवळं नसतं, हिरवंगार असतं, धुरकट. घाण्याच्या कोपऱ्यात एक शेगडी पेटवलेली होती, त्यावर जाड ब्रेड भाजून लसणाची पाकळी घासली आणि नवीन तेल ओतलं, त्याला फेत्तुंता म्हणतात. घशात असं झोंबलं की दोघींना खोकला आला, आणि बाजूचा म्हातारा शेतकरी खूश झाला, कारण झोंबणं म्हणजेच तेल ताजं आणि चांगलं, पॉलिफेनॉल म्हणजे हे झोंबणारे घटक भरपूर. दुकानातल्या वर्षभर जुन्या बाटलीत हे कधीच मिळत नाही. त्या रात्री ब्रेड आणि तेलावरच जेवलो, दुसरं काही खावंसं वाटलं नाही.

ब्रेडवरून आठवलं, तोस्कानाचा ब्रेड अळणी असतो, मीठच नाही घालत. पहिल्या घासाला अगदी बेचव लागतो पण तो पेकोरिनो आणि सॉसबरोबर खायचा म्हणून तसा, आणि शिळा झाला की त्याचं रिबोल्लिता. रिबोल्लिता म्हणजे शब्दशः परत उकळलेलं, आदल्या दिवशीचं पांढऱ्या बीन्सचं आणि काळसर पानांच्या कोबीचं, काव्होलो नेरोचं सूप, त्यात शिळा ब्रेड, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आचेवर. काही टाकून द्यायचं नाही ही रीत तिथल्या प्रत्येक पदार्थात आहे. ताटात सॉस राहिला तर ब्रेडने पुसून खायचा, त्याला स्कार्पेत्ता म्हणतात, छोटा बूट, आणि असं केलं की करणारीला बरं वाटतं.

शाकाहारी वाचकांसाठी थोडं नीट लिहिते कारण ह्यावर कुणी लिहीत नाही आणि लोक तिथे जाऊन अडचणीत येतात. तोस्कानाच्या खेड्यात मांसाशिवाय आठ दिवस मजेत जातात, पण बुकिंग करतानाच सांगायचं, तिथे पोचल्यावर नाही. परमेसान म्हणजे पार्मिजानो रेज्जानो हे शाकाहारी नाही, ते वासराच्या पोटातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध फाडणाऱ्या अर्काने, करतात, नियमच आहे तसा. पेकोरिनोतही बहुतेक वेळा प्राण्याचंच रेनेट असतं, काही ठिकाणी काटेरी झाडाच्या फुलापासून विरजलेलं मिळतं, त्यासाठी "काल्यो वेजेताले" एवढं विचारायचं. बोलोन्याकडचा ताजा पास्ता अंड्याचा असतो, १०० ग्रॅम पिठाला एक अंडं, त्यामुळे अंडं चालत नसेल तर पिचीचा भाग किंवा सरळ दक्षिणेला पुल्यामध्ये जावं, तिकडे रव्याचा आणि पाण्याचा पास्ता करतात. पिआदिना नावाची पोळी दिसते साधी पण बऱ्याचदा तिच्यात डुकराची चरबी असते. सॉस करताना कांदा, गाजर, सेलरीबरोबर थोडं मांस टाकायची सवय असते आणि त्याला ते मांसाहार म्हणून मोजतही नाहीत, म्हणून नुसतं "शाकाहारी" म्हणून भागत नाही, एकेक वस्तू नाव घेऊन विचारायची. आमच्या बाईंना आम्ही हे आधीच मेलने कळवलं होतं तर त्यांनी आठही दिवसांचा बेत लिहून पाठवला होता.

परतीच्या वाटेवर दोन दिवस पार्माकडे काढले, त्याबद्दल थोडकंच. सकाळी लवकर डेअरीत गेलात तर तांब्याच्या मोठ्या कढईतून दोघं जण कापडात धरून चीजचा गोळा वर उचलतात ते बघायला मिळतं, एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध, वजन चाळीस किलोच्या आसपास, आणि कमीत कमी बारा महिने ठेवल्याशिवाय त्याला पार्मिजानो रेज्जानो हे नाव लागत नाही. बघण्यासारखं आहे, पण तिथे आपण बघे असतो, हात लागत नाही. शेतावर लागतो.

जाणाऱ्यांना दोन चार गोष्टी उपयोगी पडतील. शेंगेन व्हिसाची फी २०२४ पासून ९० युरो झालीये आणि किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. गाडी चालवायची तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्या, आणि जुन्या शहरांच्या वेशीवर झेडटीएलची, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाची, पाटी दिसली की आत घुसू नका, कॅमेरा असतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो. घरात हीटिंग कधी चालू करायचं ह्याच्या तारखाही तिथे सरकारी नियमाने भागाप्रमाणे ठरलेल्या असतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या रात्री दगडी घरात थंडी वाजते, स्वेटर न्या. दुपारी गावातली दुकानं तीन चार तास बंद असतात.

आणि घर खरं कसं ओळखायचं, तर २०२५ पासून प्रत्येक राहायच्या जागेला जाहिरातीत सीआयएन हा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक दाखवावाच लागतो, तो बघा, आग्रितुरिज्मोच्या सरकारी चिन्हावर सूर्यफूल असतं, तेही बघा. पण त्याहून सरळ म्हणजे मेल करून विचारा की आम्ही येऊ त्या आठवड्यात शेतावर काय काम चालू असेल. ज्याचं खरंच शेत आहे तो लांबलचक उत्तर लिहितो, द्राक्षं उतरली, ऑलिव्ह सुरू होतील, पाऊस झाला नाही. ज्याचं नाही तो स्विमिंग पूलचे फोटो पाठवतो. एका वेळी किती जण शिकायला असतात तेही विचारा, सहाच्या वर असतील तर मी जाणार नाही.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच की तुमच्या प्रवासाच्या पुरवणीत इटली आली की त्याच त्या पाच शहरांबरोबर ह्या शेतघरांवरही एक पान द्या, आणि टूरवाल्यांनाही कुणीतरी विचारा की दोन तासांच्या क्लासऐवजी दोन रात्री एका घरी का ठेवत नाहीत. चाळीस जणांची बस अशा घरासमोर उभी करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, तसं झालं तर ती घरं बिघडतील. चार चार, सहा सहा जणांनी जावं, रोज सकाळी भाजी खुडायला त्यांच्याबरोबर जावं, पीठ स्वतः मळावं.

निघायच्या दिवशी सकाळी बाईंनी माझी वही मागून घेतली आणि मी जिथे जिथे प्रमाणाची जागा रिकामी ठेवली होती तिथे स्वतःच्या अक्षरात "क्यू. बी." लिहून दिलं, पिचीच्या पानावर सुद्धा. वही आता स्वयंपाकघरातच असते, त्या पानावर तेलाचा एक हिरवट डाग आहे तो अजून तसाच आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक